संताची पत्रिका मांडायची कशी? नामदेवांच्या जन्मटिपणावर हात बसवू या

नवशिका पहिल्या दिवशी हमखास एक गोष्ट करतो. ‘संत अमुक जन्मतारीख’ असं गुगलवर टाकतो, येईल ती इंग्रजी तारीख सॉफ्टवेअरमध्ये भरतो, वेळ सापडली नाही तर दुपारचे बारा ठोकून देतो आणि पाच मिनिटांत पत्रिका तयार. मग तिच्यात गजकेसरी आणि संन्यासयोग असे ग्रहयोग शोधायला बसतो. मीही हेच केलं होतं. त्या पत्रिकेतला चंद्र चुकीच्या राशीत बसला होता आणि ते माझ्या लक्षात यायला दीड वर्ष गेलं. तोवर मी त्या चंद्रावर वहीची चार पानं भरली होती.

फलज्योतिषावर तुमचा विश्वास असो वा नसो, जुन्या काळच्या माणसाची पत्रिका मांडणं हे आधी पंचांगाचं काम आहे. फलित खूप नंतर. म्हणून या लेखात फलित जवळजवळ नाहीच. टिपण हातात घेण्यापासून पत्रिकेखाली शेरा लिहिण्यापर्यंतच्या पायऱ्या आहेत, आणि त्यांसाठी संत नामदेवांचं उदाहरण घेतलं आहे. शिकायला याच्याहून चांगलं उदाहरण मराठीत मला सापडलेलं नाही. का, ते पुढे कळेल.

पायरी १: टिपण मिळवा, तारीख नको

संताच्या जन्माची माहिती इंग्रजी तारखेत कधीच आलेली नसते. ती शके, महिना, पक्ष, तिथी, वार आणि झालीच तर वेळ अशी येते. जे मूळ आहे तेच वहीत उतरवायचं. इंग्रजी तारीख म्हणजे मधल्या कुणीतरी केलेलं गणित. ते बरोबर असेलही, पण ते तुमचं नाही.

नामदेवांच्या नावावर एक आत्मचरित्रपर अभंग आहे. त्यात अकराशे ब्याण्णव शके, कार्तिक शुद्ध एकादशी, रविवार आणि सूर्य उगवतानाची वेळ, इतकं सगळं सांगितलेलं आहे. अभंग खुद्द त्यांचा की नंतर कुणी रचला, हा अभ्यासकांचा वाद. पत्रिका मांडणाऱ्याला त्यातली वेगळीच गोष्ट मोलाची वाटते: इथे एकाच दिवसाच्या दोन स्वतंत्र खुणा आहेत, तिथी आणि वार. एक दुसरीला तपासते.

आता याच्याशेजारी इतरांची टिपणं ठेवा. ज्ञानेश्वरांची तिथी श्रावण वद्य अष्टमी, मध्यरात्र. पण शके ११९७ की ११९३? जनाबाईंच्या नावावरच्या अभंगात त्र्याण्णव येतं, प्रचारात सत्त्याण्णव आहे. चार वर्षांत गुरू चार राशी पुढे जातो, शनीची राशीही बदलते. म्हणजे या दोन पत्रिका एकमेकींच्या नात्यातल्याही नाहीत. तुकोबांच्या जन्मशकाबद्दल तर चार-चार मतं आहेत. त्यांचं प्रयाण मात्र फाल्गुन वद्य द्वितीया, शके १५७१ असं नेमकं सांगता येतं. समर्थांची तिथी चैत्र शुद्ध नवमी, शके १५३०, भर दुपार.

एक शंका इथेच मनात ठेवा. कृष्णाचा जन्म श्रावण वद्य अष्टमीच्या मध्यरात्रीचा, ज्ञानेश्वरांचाही. रामाचा चैत्र शुद्ध नवमीच्या दुपारचा, समर्थांचाही. असं घडूच शकत नाही असं नाही, पण देवाच्या घड्याळावर संताचा जन्म बसवण्याचा मोह भक्तांना होतो. अशी वेळ दिसली की तिच्यापुढे पेन्सिलने प्रश्नचिन्ह करावं. कार्तिकी एकादशी हीसुद्धा वारकऱ्यांची मोठी तिथी, हेही विसरू नये. नामदेवांच्या बाबतीत वार मदतीला येतो म्हणून बरं.

पायरी २: शक, संवत्सर आणि इसवी सन

शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. तिथी पौषाच्या पुढची असेल तर ७९, कारण तोवर जानेवारी लागलेला असतो. कार्तिक त्याच्या आधीचा, म्हणून ११९२ + ७८ = १२७०.

संवत्सराचं, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या वर्षाचं, नाव दिलेलं असेल तर तेही तपासून घ्या. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल त्या क्रमांकाचं संवत्सर. ११९२ + १२ = १२०४, बाकी ४. प्रभव, विभव, शुक्ल, प्रमोद. म्हणजे प्रमोद. नामदेवांच्या जन्माबाबत काही ठिकाणी ‘प्रभव संवत्सर’ छापलेलं दिसतं. प्रभव शके ११८९ ला येतं, ११९२ ला नाही. ‘प्रमोद’चं ‘प्रभव’ व्हायला एका नकलेतली एक घाई पुरते. अशा वेळी शक बदलायचा नाही. आधी वार काय म्हणतो ते पाहायचं.

टिपण उत्तर भारतातल्या संताचं असेल तर आणखी एक सावधगिरी हवी. तिकडे पौर्णिमान्त, म्हणजे पौर्णिमेला संपणारे महिने. आपला श्रावण वद्य म्हणजे त्यांचा भाद्रपद वद्य. शुक्ल पक्षात फरक पडत नाही, वद्य पक्षात अख्खा महिना हुकतो.

पायरी ३: वार जुळवा, आणि इथला खड्डा पाहून पाऊल टाका

शके ११९२ ची कार्तिक शुद्ध एकादशी २६ ऑक्टोबर १२७० ला येते. त्या दिवशी रविवार होता. तिथी आणि वार जुळले. पंढरपूरच्या सूर्योदयाला चंद्र सूर्याच्या सव्वाशे अंश पुढे होता. बारा अंशांची एक तिथी, म्हणजे दहा संपून अकरावी चालू. आदल्या संध्याकाळनंतर लागलेली एकादशी रविवारी सकाळी उभी होती. कल्पनेने ठोकलेला वार जुळायची शक्यता सातात एक. तेव्हा हे जुळणं पुरावा नसला तरी वजनदार आहे.

आता खड्डा. ही २६ ऑक्टोबर ज्युलियन दिनदर्शिकेतली आहे. आजची ग्रेगरियन १५८२ च्या ऑक्टोबरपासूनची. काही सॉफ्टवेअर १५८२ च्या आधीची तारीख ज्युलियन धरतात, काही ग्रेगरियनच मागे ताणतात. तेराव्या शतकात दोन्हींमध्ये सात दिवसांचं अंतर आहे. बरोबर एक आठवडा! त्यामुळे सॉफ्टवेअरने चुकीची दिनदर्शिका धरली तरी वार रविवारच दिसतो आणि आपण खूश. तिथीकडे पाहिलं तर मात्र एकादशीच्या जागी तृतीया. माझा दीड वर्ष चुकलेला चंद्र बऱ्याच अंशी असाच चुकला होता, फक्त शतक वेगळं होतं.

म्हणून तारीख भरल्यावर आधी पत्रिका उघडायची नाही. पंचांगाचा तक्ता उघडायचा: वार, तिथी, पक्ष, महिना. चारही मूळ टिपणाशी जुळले तरच पुढे. तृतीया आली तर २ नोव्हेंबर १२७० भरून पाहा, ती त्याच दिवसाची ग्रेगरियन तारीख आहे.

मध्यरात्रीच्या जन्माला आणखी एक फाटा असतो. आपला वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजी तारीख रात्री बाराला. ‘गुरुवारची मध्यरात्र’ म्हणजे शुक्रवार उजाडण्याआधीची रात्र. सॉफ्टवेअरमध्ये मात्र रात्री बारा वाजून पाच मिनिटांना तारीख पुढची भरावी लागते. इथे एक दिवस चुकला की चंद्र तेरा अंश इकडेतिकडे.

पायरी ४: नक्षत्र हाताने पडताळा

यासाठी सॉफ्टवेअर लागत नाही. महिन्याचं नाव त्याच्या पौर्णिमेच्या नक्षत्रावरून पडलेलं असतं. कार्तिक पौर्णिमेला चंद्र कृत्तिकेच्या आसपास. एकादशी त्याच्या चार दिवस आधी, म्हणून चार नक्षत्रं मागे मोजा: भरणी, अश्विनी, रेवती, उत्तराभाद्रपदा. एखाद-दुसरं इकडेतिकडे होऊ शकतं. प्रत्यक्ष गणिताने येते पूर्वाभाद्रपदा, चौथा चरण (पाव भाग). ठीक आहे. पण कुणी कार्तिक शुद्ध एकादशीला रोहिणी लिहून दिली, तर ती चूक आहे हे बोटांवर मोजून सांगता येतं. जुन्या चरित्रांत शुभ वाटणारं नक्षत्र सहज चिकटवलेलं असतं.

पायरी ५: वेळ आणि गाव

लग्न, म्हणजे जन्मक्षणी पूर्व क्षितिजावर उगवणारी राशी, साधारण चार मिनिटांना एक अंश सरकतं, दोन तासांत राशी बदलतं. त्यामुळे ज्या संताची वेळच माहीत नाही त्याचं लग्न मांडूच नये. चंद्रराशी पहिल्या घरात ठेवून चंद्रकुंडली मांडावी आणि तसं स्पष्ट लिहावं. तुकोबांच्या बाबतीत तर शकच पक्का नाही. तिथे लग्नकुंडली छापणाऱ्याच्या धाडसाचं कौतुक करावं आणि पान उलटावं.

नामदेवांच्या टिपणात ‘उगवता सूर्य’ आहे, आणि ही माहिती सोन्याच्या मोलाची आहे. सूर्य क्षितिजावर असतो त्या क्षणी जे क्षितिजावर उगवतंय तेच लग्न. म्हणजे लग्नाचे अंश आणि रवीचे अंश जवळजवळ एकच. घड्याळ लागत नाही. इतकंच काय, गावाचा वादही इथे गळून पडतो. नामदेवांचा जन्म हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीचा की पंढरपूरचा, यावर माणसं तावातावाने भांडतात. दोन्ही गावांचा सूर्योदय काही मिनिटांनी वेगळा, पण दोन्हीकडे उगवत्या सूर्याबरोबर उगवणारा राशीचा बिंदू तोच. दोन्ही पक्षांना एकच लग्न.

तरीही सॉफ्टवेअरला वेळ आकड्यात हवी असते, आणि इथे भलेभले घसरतात. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची आहे. पंढरपूर साधारण ७५.३३ वर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे २९ मिनिटं मागे. १२७० मध्ये प्रमाणवेळ नव्हती, म्हणून टाइम झोनच्या खान्यात ५:३० न भरता स्थानिक मध्यम वेळ निवडा, किंवा ५:०१ भरा. त्या वेळेने पंढरपूरला तेव्हा सूर्य सहाच्या सुमारास उगवला. आता एखाद्याने आजच्या पंचांगात नोव्हेंबरच्या सुरुवातीचा सूर्योदय पाहिला, साडेसहाच्या आसपासची वेळ उचलली आणि झोन मात्र स्थानिक ठेवला, तर काय होईल? लग्न सहा-सात अंश पुढे. रवी तुळेच्या सव्वीस अंशांवर आहे, म्हणजे राशी संपायला चारच अंश उरलेत. तूळ लग्नाचं वृश्चिक झालं, एका अर्ध्या तासाने.

पडताळा सोपा आहे. सूर्योदयाची पत्रिका मांडली की रवी आणि लग्न यांचे अंश शेजारी शेजारी लिहा. अंशाच्या आसपासचा फरक हवेतल्या प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे पडतो, तो सोडून द्या. दोनतीन अंशांचा पडला तर वेळ चुकली.

ज्ञानेश्वरांच्या मध्यरात्रीला ही सोय नाही. शके ११९७ धरून बरोबर मध्यरात्रीचं लग्न वृषभेच्या अखेरीस येतं. थोडा उशीर धरला की मिथुन. तेव्हा ‘मध्यरात्र’ हा शब्द पाच मिनिटांचा की तासाभराचा, हे ज्याचं त्याने ठरवून तसं लिहावं.

पायरी ६: अयनांश, त्या काळचा

सायन (वसंतसंपातापासून मोजलेल्या) ग्रहातून अयनांश वजा केले की निरयन (स्थिर ताऱ्यांवरून मोजलेला) ग्रह येतो, हे पहिल्याच पुस्तकात असतं. आज चित्रापक्षीय (चित्रा ताऱ्यावरून ठरवलेले) अयनांश चोवीस अंशांच्या वर आहेत. पण १२७० मध्ये ते सुमारे १३ अंश ४० कला (साठ कलांचा एक अंश) होते. हाताने गणित करणारा नवशिका आजचे चोवीस वजा करतो आणि सगळे ग्रह दहा अंश मागे सरकतात. चंद्र मीनेतून उचलून कुंभेत जातो. सॉफ्टवेअर हे आपोआप सांभाळतं. पण कोणता अयनांश निवडलाय हे मात्र तुम्हालाच पाहावं लागतं.

आपल्याकडे हा प्रश्न जरा जास्तच जिव्हाळ्याचा. भारत सरकारच्या पंचांगाने चित्रापक्ष स्वीकारला, पण महाराष्ट्रात टिळक पंचांग पाळणारी घरं आहेत. ते रैवतपक्षाचं, म्हणजे रेवती ताऱ्यावरून मोजणारं. त्याचे अयनांश सुमारे चार अंशांनी कमी. त्या हिशोबाने नामदेवांचा रवी थेट तूळ-वृश्चिकेच्या उंबरठ्यावर येतो, आणि त्याच्याबरोबर लग्नही. चंद्र मीनेतच राहतो, पण नक्षत्र उत्तराभाद्रपदा होतं. कोण खरं, यात मी पडत नाही. दोन काकांमध्ये दिवाळी कोणत्या दिवशी यावरून झालेलं भांडण मी लहानपणी पाहिलंय. एकच सांगतो: एक पक्ष धरा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. लग्न एका पक्षाचं आणि नक्षत्र दुसऱ्याचं, असली खिचडी करू नका.

पायरी ७: आता पत्रिका मांडा

चित्रापक्षाने येणारे ग्रह असे: रवी तूळ २६ अंश, बुध तूळ ९, गुरू तूळ २०. मंगळ आणि शनी सिंहेत. शुक्र आणि राहू कन्येत. चंद्र मीनेच्या पहिल्या-दुसऱ्या अंशात, त्याच्याबरोबर केतू. (अंश पूर्णांकात घेतलेत. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये कला-विकला दिसतील, त्यांच्यावर भुलू नका.)

नेहमीच्या चौकोनात वरच्या मधल्या घरात ७ लिहा, तिथे रवी, बुध, गुरू. मग डावीकडून फिरत ८, ९, १०, ११, आणि सहाव्या घरात १२, म्हणजे मीन: चंद्र, केतू. अकराव्या घरात ५: मंगळ, शनी. बाराव्यात ६: शुक्र, राहू.

आता या पत्रिकेकडे ज्योतिषाच्या डोळ्याने पाहा. लग्नात रवी, पण तुळेतला, म्हणजे नीच (सर्वात दुबळा). लग्नातच गुरू, पण रवीपासून सहा-सात अंशांवर, म्हणजे अस्तंगत (सूर्याच्या तेजात झाकलेला). लग्नेश (लग्नराशीचा स्वामी) शुक्र बाराव्यात, नीच राशीत, राहूबरोबर. चंद्र सहाव्यात केतूजवळ. ज्याला पंढरीच्या वाळवंटात कीर्तन करणाऱ्या, पंजाबपर्यंत नाव पोचलेल्या आणि गुरू ग्रंथसाहिबात पदं असलेल्या माणसाच्या पत्रिकेत उच्चीचे चार ग्रह दिसायला हवे होते, त्याचा इथे हिरमोड होतो.

आणि नेमकं इथेच हात थरथरतो. ‘जरा वेळ पुढे घेतली तर?’ लग्न वृश्चिक केलं की गुरू-रवी बाराव्यात, मोक्षस्थानी, शुक्र अकराव्यात. किती छान जुळतं! म्हणून मग वृश्चिकच असणार. याला जन्मवेळ शोधन म्हणत नाहीत. हे म्हणजे आधी निकाल लिहून मग उत्तरपत्रिका तपासणं. आयुष्यातल्या घटनांवरून वेळ शोधायची रीत आहे, पण ती वेळ अंदाजे माहीत असलेल्या आणि घटनांच्या तारखा पक्क्या असलेल्या जिवंत माणसासाठी. नामदेवांची समाधी शके १२७२, आषाढ वद्य त्रयोदशी एवढी तारीख मिळते. मधल्या ऐंशी वर्षांतल्या घटनांच्या तारखा मिळत नाहीत. तेवढ्यावर मिनिटं शोधायला जाऊ नये.

पायरी ८: कुठे थांबायचं

नवमांश (राशीचा नववा भाग) तीन अंश वीस कलांचा, म्हणजे लग्नाच्या हिशोबाने तेरा-पंधरा मिनिटांचा. ‘उगवता सूर्य’ म्हणजे पहिली तांबडी कड, की झाडांच्या वर आलेलं पूर्ण बिंब? कवीने घड्याळ पाहून लिहिलेलं नाही. म्हणून नवमांश लग्न सोडून द्या.

दशेचंही, म्हणजे आयुष्यात ग्रहांच्या क्रमाने येणाऱ्या कालखंडांचंही, तेच. पूर्वाभाद्रपदेत जन्म म्हणून गुरूची महादशा, आणि नक्षत्र संपत आलेलं, म्हणून ती दोनेक वर्षं शिल्लक. पण अयनांशात एका अंशाचा फरक पडला की इथे चौदा महिने हलतात. रैवतपक्ष घेतला तर जन्म शनीच्या दशेतला. अंतर्दशा लावून ‘या वर्षी गुरू विसोबा खेचर भेटले असणार’ असं काढणं म्हणजे वाळूवर मजले चढवणं.

भरवशाचं काय उरतं? मंद ग्रहांच्या राशी, तिथी, वार. चंद्राची राशी चित्रा आणि रैवत दोन्ही पक्षांत मीनच येते, म्हणून तीही धरायला हरकत नाही. रवी आणि लग्न तूळ, पण अटींसह. एवढं पुष्कळ आहे.

पायरी ९: शेरा

पत्रिका कितीही सुबक काढा, तिच्याखाली शेरा नसेल तर पुढच्या माणसाला ती निरुपयोगी. ती फोटो होऊन एका फोनवरून दुसऱ्या फोनवर फिरते आणि तिसऱ्या ठिकाणी ‘मूळ पत्रिका’ होऊन बसते. माझ्या वहीत नामदेवांच्या पत्रिकेखाली हे आहे, हवं तर असंच उतरवा:

‘संत नामदेव. शके ११९२, प्रमोद संवत्सर, कार्तिक शु. ११, रविवार, सूर्योदय. (२६ ऑक्टोबर १२७०, ज्युलियन.) आधार: त्यांच्या नावावरील अभंग. तिथी-वार जुळतात. काही ठिकाणी संवत्सर प्रभव छापले आहे, ते शकाशी जुळत नाही. स्थळ पंढरपूर धरले. नरसी धरल्यास लग्न तेच. चित्रापक्ष. रैवतपक्षाने लग्न तूळ-वृश्चिक संधीवर. नवमांश व दशा मांडलेल्या नाहीत.’